हॅरो पॉइंटचा नवा बोर्ड

ग्लेनिस हॅडो त्या आठवड्यात भेटेल त्याला आपल्या नव्या कॉम्प्युटर स्क्रिप्टबद्दल सांगत सुटली होती. केस कापणारीला सांगून झालं, दातांच्या डॉक्टरलाही सांगून झालं, तेही तो तिच्या तोंडात आरसा घालून उभा असताना.

इन्व्हरकार्गिल शहरातल्या एका छोट्या कारखान्यात ती आणि मालक कॉलिन, अशी दोनच माणसं. लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबांसाठी गुण दाखवणारे विजेचे बोर्ड ते बनवत. प्रत्येक क्लबाची मागणी निराळी: नाव काय, खेळायच्या पट्ट्या किती, गुण मिळाला की भोंगा वाजवायचा की नाही. हे सगळं एका हेडर फाइलमध्ये लिहावं लागे, आणि ती वाचूनच बोर्डाचा प्रोग्रॅम तयार होई. एकोणीस वर्षं ग्लेनिसने या फाइली हाताने लिहिल्या. एकदा आठ पट्ट्यांऐवजी ऐंशी लिहिल्या गेल्या आणि तो बोर्ड दिवसभर उरलेल्या बहात्तर पट्ट्यांची वाट बघत बसला.

आता ती कटकट संपली होती. प्रोग्रॅम बनवायच्या आज्ञेतच फ्लॅग द्यायचे, नाव अमुक, पट्ट्या तमुक, की स्क्रिप्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत हेडर फाइल लिहून मोकळी.

"मग तू काय करणार?" कॉलिनने विचारलं.

"मी तिच्याकडे बघत बसणार. अभिमानाने."

"आणि फाइल आधीच तयार असली तर?"

"तर ती तशीच ठेवते. झालेलं काम पुन्हा कशाला करायचं?"

"हुशार आहेस हं."

"माहितेय मला."

बुधवारी रॅटा फ्लॅट क्लबाचा बोर्ड झाला. गुरुवारी हॅरो पॉइंटचा. ग्लेनिसने फ्लॅग दिले, पडद्यावर 'हेडर तयार आहे' असं उमटलं आणि तिने पडद्याला शाबासकीची थाप दिली. दिवे लागतात एवढं बघून कॉलिनने बोर्ड गाडीत घातलासुद्धा.

शनिवारी हॅरो पॉइंटच्या हिरवळीवर उद्घाटन होतं. क्लबाच्या अध्यक्ष मिसेस इझोबेल मॅक्लीश, वय एकोणऐंशी, पांढऱ्या स्कर्टला कडक इस्त्री. समोर पाहुणा संघ नेमका रॅटा फ्लॅटचा. गेली अकरा वर्षं त्यांनी हॅरो पॉइंटला न चुकता हरवलं होतं. ग्लेनिस ठेवणीतला कोट घालून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी कॉलिन. मिसेस मॅक्लीशनी बोर्डावरचं कापड ओढलं.

'रॅटा फ्लॅट क्लबात आपले स्वागत!'

रॅटा फ्लॅटचा कप्तान बॅरी टलक टोपी काढून म्हणाला, "आभारी आहोत! एवढा मोठेपणा अपेक्षित नव्हता बुवा."

"दोन मिनिटं!" ग्लेनिस ओरडली. चीज रोलच्या ताटाशेजारी तिने लॅपटॉप उघडला, फ्लॅग दिले, प्रोग्रॅम पुन्हा बनवून बोर्डात भरला. बोर्ड विझला, पेटला. 'रॅटा फ्लॅट क्लबात आपले स्वागत!' तिने पुन्हा भरला. पुन्हा स्वागत.

"अहो बाई, पहिल्याच वेळी पोचलं!" बॅरी म्हणाला.

मिसेस मॅक्लीश पुढे आल्या. "ग्लेनिस, खेळाची वेळ झाली. आता सामना संपेपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही. आकडे तरी बरोबर दाखवेल ना?"

"आकडे अगदी बरोबर."

आकडे बरोबरच होते. फक्त वरच्या ओळीत, यजमानांच्या जागी, 'रॅटा फ्लॅट' होतं आणि खालच्या ओळीत नुसतं 'पाहुणे'. त्यात पहिला गुण झाला आणि जहाज बंदरात शिरावं तसा भोंगा वाजला. कुंपणावरचे सगळे समुद्रपक्षी उडाले. चहा ओतणाऱ्या बाईंनी साखरेच्या भांड्यात चहा ओतला.

"आम्ही पत्रात काय लिहिलं होतं गं?" मिसेस मॅक्लीशनी विचारलं.

"भोंगा नको."

"खाली रेघ मारली होती."

"दोन होत्या," ग्लेनिस पुटपुटली.

भोंगा वाजत राहिला, आणि ग्लेनिस क्लबाच्या खोलीत बसून आपली स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचत राहिली. तिसाव्या ओळीवर तिचे कान तापले. फाइल असेल तर ठेव, असं तिने लिहिलं होतं. कुणाची आहे ते बघ, हे लिहायचं राहून गेलं होतं. बुधवारची रॅटा फ्लॅटची फाइल स्क्रिप्टने इमानाने जपून ठेवली होती.

कॉलिन हळूच म्हणाला, "वायरीत ओल शिरली म्हणून सांगू. दक्षिणेचा दमट वारा सुटलाच आहे, पटेल लोकांना."

"माझ्या स्क्रिप्टवर ओल शिरल्याचा आळ घेऊ नकोस! मी सांगितलं तेच तिने केलं."

हॅरो पॉइंट नेहमीप्रमाणे हरला, नऊ विरुद्ध एकवीस. गावच्या पेपरच्या बातमीदाराने बोर्डाचा फोटो काढला आणि रग्बीचा सामना गाठायला तो पळाला. त्यानंतर ग्लेनिस माइकसमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. स्क्रिप्ट गुणी आहे," ती म्हणाली. टाळ्या पडल्या, त्यात बॅरीच्या सगळ्यात मोठ्या.

सोमवारी बॅरीचाच फोन आला, आणि तो टाळ्यांसाठी नव्हता. पेपरात फोटो छापून आला होता: रॅटा फ्लॅट ९, पाहुणे २१. वर मथळा, 'रॅटा फ्लॅटचा दारुण पराभव'.

ग्लेनिसने स्क्रिप्ट दुरुस्त केली, सात क्लबांचे फ्लॅग देऊन सातही फाइली तपासल्या आणि मंगळवारी पेपरसाठी खुलाशाचं पत्र घेऊन ती हॅरो पॉइंटला गेली. मिसेस मॅक्लीश भिंतीवर कात्रणाची चौकट सरळ करत होत्या. त्यांनी पत्र वाचलं, चौघडी घातली आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"अकरा वर्षांनी रॅटा फ्लॅट हरलाय," त्या म्हणाल्या.

"पण खरं तर तुम्ही..."

"मी कुठे काय म्हणतेय? पेपर म्हणतोय. तू बोर्डाचं बघ. आणि आमचं नाव जरा मोठं करता येईल का?"

"एक फ्लॅग बदलला की झालं!" ग्लेनिस ताठ मानेने म्हणाली. तिने फ्लॅग बदलला, स्क्रिप्टने नवी फाइल लिहिली, बोर्ड पेटला. 'हॅरो पॉइंट' ही अक्षरं एवढी मोठी झाली की त्यांनी सगळा बोर्ड व्यापला. गुणांना तसूभरही जागा उरली नाही.

"अरे देवा! थांबा, मी पुन्हा..."

"काही नको," मिसेस मॅक्लीश दोन पावलं मागे सरून बोर्डाकडे कौतुकाने बघत म्हणाल्या. "असंच राहू दे. आकड्यांनी आमचं कधी भलं केलंय?"