पिवळं झालं तं पाणी

नामदेवराव कोणाच्याही घरी गेले की आधी पाण्याची परीक्षा घेतात, मग माणसांची विचारपूस करतात. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी काचेची नळी, शेजारी औषधाची इवलीशी बाटली. समोर आलेलं पाणी नळीत ओतायचं, दोन थेंब टाकायचे आणि उजेडात धरायचं. रंग पिवळा आला म्हणजे पाण्यात जंतू मारणारं ब्लीचिंग आहे. "पिवळं झालं तं पाणी, नाई तं बिमारी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नाचणगावच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेत होते. मी बदलून आलो तेव्हा निवृत्त झालेले, तरी टाकी तपासायला रोज हजर. उन्हाळ्यात वर्धा नदी आटून नळाला शेवाळाचा वास सुटला, की ग्रामपंचायतीतले लोक त्यांना लांबून पाहूनच मागच्या दाराने सटकतात.

एकुलत्या एका मुलीच्या, प्रणालीच्या, साक्षगंधातही त्यांनी नळी काढली होती. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. अल्लीपूरला व्याह्यांच्या अंगणात भरगच्च पाहुणे, आणि हे म्हणाले, "पोरगा लाखात एक हाये, पण तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी जनावरालेबी पाजू नका."

लग्न झालं. पण व्याह्यांनी त्यांना घर बंद केलं. सासरी 'पाणीवाल्याची पोरगी' म्हणून टोमणे खाऊन प्रणालीनेही बोलणं टाकलं.

तेव्हापासून ते दर महिन्याला अल्लीपूरची एसटी धरतात. तिथल्या ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवून झिजवून त्यांनी विहिरीत ब्लीचिंग टाकायला लावलं. मागच्या खेपेला मीही सोबत गेलो.

पाणी तपासून पाच मिनिटांत झालं. तरी ते विहिरीजवळच्या निंबाखाली तासभर बसून राहिले. निघायचं का, असं मी दोनदा विचारलं. बाया पाण्याला यायच्या आहेत अजून, एवढंच म्हणाले.

बाया आल्या. त्यातली एक त्यांना पाहून थबकली. नामदेवराव लगबगीने उठले, नळी तिच्यासमोर धरली.

"पिवळं झालं पाय. आता बिनघोर पेजो, माय."

तिने मान हलवली. पाण्याचा गुंड भरला, डोक्यावर घेतला आणि गेली.

परतीच्या गाडीत देवळी येईपर्यंत ते नळी रुमालाने पुसत होते. मग हळूच म्हणाले, "बारीक झाली ना?"

नाही हो, चांगली दिसत होती, मी म्हणालो.

त्यांनी नळी खिशात ठेवली.

"तुम्ही तिले आधी पाह्यलं नाई, सर."