फडक्याने धरलेला माउस

माझं अक्षर म्हणजे शाईत बुडून चाललेल्या मुंग्या. वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, ते चौथीत सुटलं ते सुटलंच, त्याची आधीच माफी मागते. हे मी शिलाईच्या मापांच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. मध्येच कोणाच्या ब्लाउजची बाही आली तर ती सोडून पुढे वाचावं.

आमचे शेजारी वानखडे भाऊ कॉम्प्युटरचा माउस उघड्या हाताने धरत नाहीत. आधी पिवळं फडकं घेतात, त्याची चौघडी करतात, माउसवर ठेवतात आणि मग वरून हात. भाऊ इथेच बडनेऱ्याला रेल्वेच्या कॅबिनमध्ये होते. रूळ बदलायला, सिग्नल पाडायला तिथे लोखंडी दांडे असत. घामाने मूठ गंजते म्हणून ते फडक्याने धरायचे. माउस प्लास्टिकचा आहे, असं त्यांच्या मुलीने, रेखाने, समजावून पाहिलं. भाऊ म्हणाले, "माउस नाही गंजत पोरी, सवय गंजते."

दुसरं असं, की मशीनने काही विचारलं की भाऊ खुर्चीवरून उठून उभे राहतात. पडद्यावर छोटी चौकट येते, अमुक करू का, तमुक करू का. भाऊ उभ्याने ती चौकट मोठ्याने वाचतात, पुढच्या स्टेशनातून फोनवर निरोप आल्यासारखी, आणि एकदा वाचून त्यांचं भागत नाही. मग थोडा वेळ थांबून सांगतात, "लाइन क्लिअर नाही," आणि फडक्याने माउस धरून 'नाही'वर दाबतात. पुढचा रूळ मोकळा नसला की गाडी अडवायचं हे वाक्य; कॅबिन सुटली तरी ते सुटलं नाही. भाजीवाल्याने वांगी महाग सांगितली, लाइन क्लिअर नाही. डॉक्टरने सकाळी फिरायला जा म्हटलं, लाइन क्लिअर नाही. गल्लीतली माणसं त्यांना पाठीमागे काय म्हणतात ते सांगायला नको.

हा कॉम्प्युटर रेखाच्या कोर्ससाठी घेतलेला. ती लग्न होऊन अकोल्याला गेली आणि मशीन इथेच राहिली. ती मशीन मग कमलवहिनींनी, भाऊंच्या बायकोने, हातात घेतली. वहिनी तेल्हाऱ्याच्या. बोलणं असं, की पुण्याच्या माणसाला वाटावं भांडण चाललं आहे. माझे मालक ट्रकवर असतात, घरी येतात ते पाहुण्यासारखे. म्हणून दुपारी हातातलं शिवण आटोपलं की मी वहिनींजवळ जाऊन बसायची. मी फार बोलत नाही. वहिनींना तेच आवडायचं. त्या तोंडाने म्हणत म्हणत एका बोटाने मशीनला प्रश्न विचारायच्या, इंग्रजी अक्षरांत आपली वऱ्हाडी भाषा. कढी फाटते काहून. मांजर दूध पिऊन राग काहून करते. मशीन कुठल्या तरी परदेशी गावाची चित्रं दाखवायची. वहिनी म्हणायच्या, "हिले काही येत नाही, पण आयकून घेते बिचारी." आणि आतल्या खोलीकडे मान वळवून पुढचं बोलायच्या, "घरात दुसरं कोणी आयकते का?" आतून भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं.

एका दुपारी त्यांनी विचारलं होतं, माहा भाऊ फोन काहून उचलत नाही. तेल्हाऱ्याच्या भावाची कपाशी त्या साली पार गेली होती. त्या वर्षांत कोणाचा भाऊ फोन उचलत नसला म्हणजे बाईच्या डोळ्यांपुढे फवारणीच्या औषधाची बाटली यायची. वहिनी तेच तेच लिहीत होत्या. संध्याकाळी भावाचा फोन आला, मोबाइल विहिरीवर विसरला होता. वहिनींनी रडत रडत त्याला इतक्या शिव्या घातल्या, की मी उठून घरी आले. घरी येऊन मीही रडले.

मग वहिनी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्यानंतर भाऊंचं मशीनवर बसणं वाढलं. दुपारी जेवण झालं की फडकं घेऊन बसायचे. लोक म्हणाले, म्हातारा नादी लागला. तिकडे अकोल्यात रेखाला मुलगी झाली. रेखा तिचे फोटो, हसण्या-रांगण्याची चित्रं इंटरनेटवर टाकायची, पण ती भाऊंच्या मशीनवर उघडायचीच नाहीत. इंटरनेट ज्यातून उघडतं त्याला ब्राउझर म्हणतात, हे मी भाऊंच्याच तोंडून शिकले. त्यांचा ब्राउझर जुना होता. चौकट येऊन सांगायची, ही आवृत्ती फार जुनी झाली, नवी घ्या. भाऊ उभे राहायचे, वाचायचे आणि नाही म्हणायचे.

रेखाने फोनवर विनवलं, मग चिडली. नवी आवृत्ती घ्यायची नसेल तर गाडीत बसून या, रेल्वेचा पास आहे, अकोला काही काशी नाही. भाऊ म्हणाले, "मशीन एकटी कशी सोडू?"

हे रेखाला लागलं. "बाबा, तुमाले मशीन पाहिजे, नात नाही पाहिजे," असं म्हणून तिने फोन ठेवला. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे भाऊंचं 'हॅलो, हॅलो' मला किती तरी वेळ ऐकू येत होतं. त्यानंतर रोजचा फोन बंद झाला.

पण पोरीचा जीव. तिनेच अमरावतीहून एक कॉम्प्युटरवाला पाठवला. त्याने भाऊंना बाजूला बसवलं आणि भराभर सगळं केलं. नवा ब्राउझर टाकला, जुन्याची साफसफाई केली. माउस उघड्या हाताने धरला, ते भाऊंनी कसं सोसलं कोण जाणे. जाताना ओट्यावरून त्याने सांगितलेलं मी ऐकलं, "काका, किती वर्षांचा कचरा साचला होता. समदा काढला. आता पाहा कशी पळते."

त्याच दुपारी भाऊ आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. हातात फडकं तसंच होतं. मी शिलाईच्या मशीनवरून उठले, पदर सारखा केला. ते आत आले नाहीत, ओट्याखालीच उभे राहिले.

"बाई, कमलचं समदं गेलं."

मला वाटलं चोरी झाली. वहिनींची पोत गेली का, असं मी विचारलं. भाऊंनी मान हलवली आणि जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. जुन्या ब्राउझरमध्ये एक अक्षर दाबलं, की त्या अक्षराने सुरू होणारं वहिनींनी पूर्वी जे जे विचारलं होतं ते खाली ओळीने उतरायचं. भाऊ दुपारी बसून एक अक्षर दाबायचे आणि वाचायचे. कढी फाटते काहून. नवी आवृत्ती आली तर ते जाईल, ही त्यांची भीती. म्हणून लाइन क्लिअर नव्हती. आता अक्षर दाबलं, तर खाली काहीच उतरत नव्हतं. त्या माणसाने कचरा म्हणून काढलं होतं.

"चार्ज न देता बदलून गेला," भाऊ म्हणाले. "नवा माणूस कॅबिनमध्ये आला तर जुना उभा राहून समदं समजावून देते. मंग जाते. ह्यानं तर मागचं पुसूनच टाकलं."

मी खाली मान घालून उभी होते. माझ्याच्याने परपुरुषाशी धड दोन वाक्यं बोलवत नाहीत. पण तोंडातून निघून गेलं, "मले याद हाये, भाऊ. मी बाजूलेच बसत होती."

दुसऱ्या दुपारपासून मी त्यांच्या उंबऱ्यात पाटावर बसू लागले, दार सताड उघडं ठेवून. गल्लीला दिसलेलं बरं. मी आठवून सांगायची, भाऊ फडकं बाजूला ठेवून एका बोटाने लिहायचे, वहिनींसारखंच इंग्रजी अक्षरांत. पापड वातड काहून होतात. तेल्हाऱ्यात पाऊस हाये का. नवऱ्याले आयकू येते पण आयकत नाही, त्याले औषध काय. हे सांगताना मी अडखळले. भाऊ म्हणाले, "सांगा सांगा, ते मी वाचेल हाये." आणि हसले. वहिनी गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मशीन मधेमधे चौकट आणायची. नवा ब्राउझर विचारायचा, मला मुख्य ब्राउझर करू का, यापुढे सगळं माझ्यातूनच उघडू का. भाऊ उभे राहायचे. पूर्वीसारखं वाचायचे. "चार्ज पुरा झाला नाही," असं म्हणून 'नाही' दाबायचे.

एके दिवशी माझं आठवणं संपलं. पुष्कळ आठवून पाहिलं, आधीचंच परत येत होतं. मी तसं सांगितलं. भाऊ म्हणाले, एक राहिला आहे, तो तुम्हाला ठाऊक नाही. त्यांनी हळूहळू लिहिलं. मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं, "भूक काहून लागत नाही."

गाडी गेली. बडनेऱ्यात गाडी गेली की माणसं बोलायची थांबतात; आवाज सरल्यावर भाऊ बोलले.

"घरात मी होतो बाई. मले नाही इचारलं. हिले इचारलं." त्यांनी मशीनकडे बोट केलं.

वहिनी मला ठाऊक होत्या. मी म्हटलं, "तुमाले इचारलं असतं तर तुमी उभे राहिले असते ना, भाऊ. मंग रात्रभर बसले नसते. म्हणून नसन इचारलं."

चौकट पुन्हा आली. भाऊ उठले, धोतराचा सोगा सारखा केला, ती वाचली. मग फडकं चौघडी करून माउसवर ठेवलं.

"लाइन क्लिअर," म्हणाले आणि 'हो'वर दाबलं.

त्यानंतर त्यांनी रेखाचं पान उघडलं. पडद्यावर एक टकली पोरगी गुडघ्यांवर रांगत आली आणि थेट आमच्याकडे पाहू लागली. नाक अगदी वहिनींचं. रागीट. भाऊंनी रेखाला फोन लावला आणि विचारलं, सकाळच्या पॅसेंजरने आलो तर चालेल का. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. भाऊंना मात्र डोळे पुसायला फडकंच सापडलं.

जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. पोरगी सोडेपर्यंत अकोल्यात राहणार, असं सांगून गेले. सूचना एवढीच, की मशीनवर धूळ बसू देऊ नका.

आज दुपारी धूळ पुसायला गेले होते. घरात कोणी नव्हतं. मशीन चालू कशी करायची ते इतके दिवस पाहून पाहून कळलं होतं. भाऊंनी दाखवलेलं 'के' हे अक्षर दाबलं. खाली ओळी उतरल्या. मला एकही वाचता आली नाही, पण सगळ्यात वरची कढीची असणार. मालक या वेळी गेले त्याला बरेच दिवस झाले आहेत. आपणही काही विचारावं असं वाटलं, पण लिहिता येईना.

निघताना पाहिलं, तर मी माउस पदराने धरला होता. आणि इतका वेळ उभीच होते.