वाढ थांबवणेबाबत

आमच्या संशोधन संस्थेत पत्राचा फक्त विषय वाचला जातो. खालचा मजकूर वाचू नये असा नियम नाही, पण वाचावा असाही नाही. मी इथे एकोणीस वर्षं हेडक्लार्क आहे आणि माझ्या हातून आजवर एकही पत्र गहाळ झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसऱ्या मजल्यावर पेशींवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. गर्भात असताना आपला हात वल्ह्यासारखा सपाट असतो. मग बोटांच्या मधल्या पेशींना ‘आता पुरे’ असा निरोप मिळतो, त्या गुपचूप मरतात आणि बोटं सुटी होतात. कर्करोगाच्या पेशी असले निरोप ऐकतच नाहीत. एका रुग्णाच्या गाठीतल्या पेशी बाईंनी अकरा महिने सांभाळल्या होत्या आणि त्यांना तो निरोप पुन्हा ऐकू यायला लागला होता. ती रुग्ण आता हयात नव्हती, म्हणजे तशा पेशी पुन्हा मिळणार नव्हत्या. बाईंना हवी होती फक्त एका वर्षाची मुदतवाढ.

त्यांनी अर्ज केला. विषय : ‘पेशींची अनियंत्रित वाढ थांबवणाऱ्या संदेशांवरील संशोधनास मुदतवाढ मिळणेबाबत’. आता आवक नोंदवहीच्या रकान्यात इतकं कुठलं मावायला? मी सारांश केला : ‘वाढ थांबवणेबाबत’.

आमच्याकडे वाढ म्हणजे मुदतवाढ. दुसरी कुठली वाढ आमच्याकडे होत नाही. तिसऱ्याच दिवशी आदेश निघाला : ‘विनंतीनुसार वाढ थांबवण्यात येत आहे.’ एवढ्या तत्परतेबद्दल संचालकांनी माझी पाठ थोपटली.

बाई धावत खाली आल्या. “अहो भाऊसाहेब, मी वाढ मागितली होती हो!”

“बाई, तुम्हीच थांबवायला सांगितलीत. ही नोंद बघा.”

“ती पेशींची वाढ!”

“पेशींचं खातं आमच्याकडे नाही,” मी समजुतीनं म्हटलं. “नवा अर्ज द्या. विषय जरा आटोपशीर ठेवा, म्हणजे मला काटछाट करावी लागणार नाही.”

बाईंचा पारा चढला होता. तिथल्या तिथे त्यांनी लिहिलं : ‘विषय : वाढ थांबवू नये.’ मी एक अक्षरही बदललं नाही. आदेशाविरुद्धचा अर्ज असल्यामुळे तो रीतसर नीतिसमितीकडे गेला. त्या समितीत सगळे डॉक्टर. त्यांच्याकडे वाढ म्हणजे गाठीची. कर्करोगाची वाढ थांबवू नये असं लेखी मागणारी व्यक्ती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. बाईंना ‘कारणे दाखवा’ नोटीस गेली आणि खुलासा होईपर्यंत त्यांची प्रयोगशाळा वापराविना ठेवायचं ठरलं.

बाई संचालकांकडे गेल्या. मी फाइल धरून उभा होतो. संचालक एकेकाळी पेशींचंच काम करायचे, त्यामुळे त्यांना सगळं दोन मिनिटांत कळलं.

“मला कळलं हो,” ते म्हणाले. “पण मला कळून काय उपयोग? कळायला समितीला हवं.”

मग ‘वाढ’ या शब्दाचा अर्थ ठरवायला एक समिती नेमली. तिच्यातून प्रशासकीय अर्थाची आणि वैद्यकीय अर्थाची अशा दोन उपसमित्या निघाल्या. त्यांचं एकमेकींशी पटेना, म्हणून समन्वय समिती आली. सात समित्या झाल्यावर बसायला जागा पुरेना. कागदोपत्री रिकामी खोली एकच होती, बाईंची. पेशी उबेला ठेवायचा इनक्युबेटर जिन्याखाली आणला आणि तिथल्या एका प्लगला जोडला.

“अहो, या समित्या थांबवा ना कुणीतरी!” बाई म्हणाल्या.

“तो अधिकार कुठल्याच समितीला नाही,” मी म्हणालो. खरंच नाही.

शेवटी बाईंच्या भाचीनं फोनवरून सह्यांची मोहीम काढली, ‘कर्करोगावरचं संशोधन वाचवा’ म्हणून. लोक चांगले असतात. एका दुपारीत अकरा हजार सह्या झाल्या. मात्र निवेदनाला मूळ प्रकरणाचा विषय द्यावा लागतो, म्हणून भाचीनं आमच्या नोंदवहीतला विषय जसाच्या तसा वर उतरवला होता : ‘वाढ थांबवणेबाबत’.

संचालकांनी विषय वाचला. “अकरा हजार माणसं वाढ थांबवा म्हणतायत आणि बाई एकट्याच नको म्हणतायत. लोकांपुढे मी कोण?”

प्लग काढायचा आदेश माझ्याच टेबलावरून गेला.

बाई पोचल्या तेव्हा इनक्युबेटरची काच गार पडली होती. त्या रडल्या नाहीत. पेशींची एकेक बशी बाहेर काढून उजेडात धरून बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

“भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “अकरा हजारांत एकानंही वर काय लिहिलंय ते वाचलं नाही?”

मी प्लगची वायर गुंडाळून ठेवली.

आता तुम्ही माझ्यावर चिडला असाल. कारकुनावर चिडणं सोपं असतं. पण ती सह्यांची यादी माझ्याकडे आहे, अकारविल्हे लावलेली. कुणीतरी पाठवली, चांगलं काम दिसतंय म्हणून तुम्ही बोट टेकवलंत आणि पुढच्या दहाजणांना धाडलीत. तुमचं नाव सापडायला मला फार वेळ लागला नाही.