कर्नलची पंचमी

"पंचमीच्या आत ह्या कर्नलला जतला पोचवा, न्हाईतर मीच माहेरी जाते," असं राहीबाईंनी सांगितलं, तेव्हा लालासाहेब कुत्र्याच्या कानातल्या गोचड्या काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. राहीबाईंचं माहेर जतकडचंच, त्यामुळं दोन्हीपैकी काहीही झालं तरी एसटी जतचीच धरावी लागणार, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं.

कर्नल म्हणजे लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला शिकारी जातीचा कुत्रा. राहीबाईंचे थोरले भाऊ आप्पासो जतच्या माळावर मेंढरं राखून होते, त्यांनीच हे पिल्लू आणून दिलं होतं. लालासाहेब तेव्हा नुकतेच पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वाळव्याकडच्या आपल्या वस्तीवर आले होते आणि मुलगा जयराज भरती होऊन जम्मूला गेला होता. घर खायला उठलं होतं. जन्मभर कर्नलसाहेबांचे हुकूम ऐकले, आता एखाद्या कर्नलनं आपला हुकूम ऐकावा, म्हणून त्यांनी कुत्र्याचं हे नाव ठेवलं. कर्नलनं हुकूम कधीच ऐकला नाही, पण लालासाहेबांना त्याच्याशिवाय चहा गोड लागेनासा झाला.

भानगड एकच होती. साप दिसला की गावातली इतर कुत्री भुंकतात, नाहीतर शेपूट घालून पळतात. कर्नल यातलं काहीच करत नसे. तो सापापासून हातभर अंतरावर थांबायचा, पुढचा एक पाय उचलायचा, मान वाकडी करायची आणि बघत राहायचा. काय आहे, कसं चालतं, पाय नसताना जातं कुठं, याचं त्याला भारी कुतूहल. बरं, स्वतः बघून थांबला तर तो कर्नल कसला! मागं वळून तो लालासाहेबांनाही बघायला बोलवायचा. पाटाच्या कडेनं सकाळी फिरायला गेले की एखादी धामण, एखादं विरोळं तो त्यांना हमखास दाखवायचा.

आता लालासाहेबांनी पलटणीत गोळीबार पाहिला होता, बर्फात रात्री काढल्या होत्या, पण साप म्हटला की त्यांची पाचावर धारण बसायची. मागच्याच आठवड्यात कर्नलनं दाखवलेली धामण बघून त्यांनी उसाच्या फडात उडी घेतली आणि लुंगी पाटावरच राहिली. तरी त्यांनी कुत्र्याला कधी रागानं बोट लावलं नाही.

राहीबाईंची चिंता वेगळी होती. "आवं, नागोबा म्हंजी आमचा भाऊ. त्याचा मी उपास धरते. ह्या कुत्र्यानं पंचमीला त्येच्या अंगाला तोंड लावलं तर ते माझ्या आप्पादादावर जाईल. त्येला काय झालं तर तुमी देणार हाय का भाऊ आणून?"

"तोंड लावत न्हाई गं ते. नुसतं बघतंय."

"आज बघतंय, उद्या चावंल. तुमी न्हाई पोचवत तर ऱ्हाऊ द्या, पंचमीला दादा येईल तवा त्याच्या संगं धाडायचंच हाय. तोवर तरी बांधून घाला."

म्हणजे कर्नल जाणार हे ठरलंच होतं. त्या रात्री लालासाहेबांनी ताटातली अर्धी भाकरी कर्नललाच घातली.

पंचमीच्या दिवशी चुलीवर तवा चढला नव्हता, विळीला कुणी हात लावला नव्हता, वाफेवर पुरणाची दिंडं उकडत होती. लालासाहेबांनी कर्नलला पलटणीतल्या गाठी मारून दावणीला बांधलं होतं. गाठी पक्क्या होत्या. पण या जातीच्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, त्यामुळं पट्टा आणि गाठी जागेवर राहिल्या आणि कर्नल तेवढा बाहेर आला.

तो घरामागच्या परड्यात सापडला. कडब्याच्या गंजीपुढं एक पाय उचलून, मान वाकडी करून उभा होता. समोर चांगला हातभर उंच फणा काढून नाग.

शेजारच्या दगडाबाई वारुळाला जायला म्हणून ताट घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं आणि हातातलं ताट तसंच उंच धरलं. "राहीबाई, अगं वारुळाला कशाला जातीस? भाऊ दारात आलाय तुझ्या."

बघता बघता निम्मी वस्ती परड्यात गोळा झाली. नागाला हाकलायचं तर पंचमी. कुत्र्याला हाकलावं तर ते बिथरून नागावरच जाईल ही भीती. राहीबाई पुटपुटत होत्या, "दादा माझा, दादा माझा." लालासाहेब लांबूनच हळू आवाजात हुकूम देत होते, "कर्नल, पीछे मुड. अरं गड्या, पीछे मुड." कर्नलनं वळून त्यांच्याकडं पाहिलं आणि सवयीप्रमाणं त्यांनाच बोलावलं.

शेवटी दगडाबाईंनी लांब काठीनं दुधाची वाटी पुढं सरकवली. "हात जोडा, डोळं मिटा आन् मनात भावाचं नाव घ्या. त्यो दूध पिऊन आपल्या वाटंनं जाईल." सगळ्यांनी डोळे मिटले. लालासाहेबांची मात्र समोर साप असताना पापणी मिटेना.

त्यामुळं पुढचं सगळं त्यांना दिसलं. नागानं फणा खाली घेतला, वाटीकडं ढुंकूनही न बघता तो गंजीत शिरला. कर्नल दोन पावलं पुढं गेला, वाटी हुंगली आणि चार घोटांत सगळं दूध चाटून पुसून घेतलं. मग येऊन लालासाहेबांच्या पायाशी बसला. त्याच्या मिशांवरून दूध ठिबकत होतं. लालासाहेबांनी खाली वाकून लुंगीच्या टोकानं त्याचं तोंड घाईघाईनं पुसलं.

लोकांनी डोळे उघडले. वाटी रिकामी.

"प्यालं," दगडाबाई म्हणाल्या. "भावजी, तुमी पाह्यलं का?"

लालासाहेबांना सुटकेची वाट दिसली. "पाह्यलं की. घटाघटा प्यालं. आन् ह्यो कर्नल, बाजूला सरकून वाट दिली त्यानं. मान खाली घालून, एकदम अटेन्शन."

झालं. बायांनी कर्नलच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. दगडाबाईंनी त्याला गरम दिंड चारलं, तेही तुपाची धार सोडून. राहीबाईंनी दावणीचा पट्टा सोडून कोनाड्यात ठेवला, तेव्हा कर्नल आता इथंच राहतो हे लालासाहेबांनी ओळखलं. ते खुशीत मिशीला पीळ देत बसले.

पण बातमी एसटीच्या आधी स्टँडवर पोचली होती. दुपारच्या एसटीनं बहिणीला लुगडं घेऊन आलेल्या आप्पासोंना ती पानपट्टीपाशीच मिळाली, आणि तोवर नाग पाच फण्यांचा झाला होता. आप्पासो दारात आले ते बहिणीला सोडून आधी कुत्र्याच्या पाया पडले.

"दाजी," पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "ह्याला मी घिऊन जातो."

लालासाहेबांनी तांब्या खाली ठेवला. "आता कशाला? आता तर त्यो गुणाचा निघाला."

"म्हणूनच की. तीन वरसं झाली, आमच्या माळावर धड पाऊस न्हाई. टँकरच्या पाण्यावर मेंढरं जगवतोय. नागोबानं ज्याच्या म्होरं दूध प्यालं त्या जनावराचा पाय आमच्या माळाला लागू द्या. राही, आज पंचमीचं मागणं हाय भावाचं. न्हाई म्हणू नगंस."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. खरं सांगावं, तर नागाच्या वाटीत तोंड घातलं म्हणून राहीबाई कुत्र्याला आजच घालवणार. खोटंच रेटावं, तर आप्पासो देव म्हणून घेऊन जाणार. कर्नल उंबऱ्यावर बसून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं मान वाकडी करून बघत होता.

राहीबाईंनी ताटात दिंड वाढलं, वर तूप सोडलं. मग शांतपणे म्हणाल्या, "दादा, दूध त्या कुत्र्यानं प्यालं."

"काय म्हणतीस?"

"माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. नाग उष्टं न करताच गेला. नागोबाचं दूध चोरणारं कुत्रं तुला माळावर न्यायचं आसंल तर खुशाल ने."

आप्पासोंनी कुत्र्याकडं पाहिलं आणि पाय आखडून घेतले. "नगं बाई. आधीच आमच्याकडं पाऊस न्हाई. पण मग तू कशी ठेवतीस त्येला?"

"आमच्याकडं पाटाला पाणी हाय, दादा. आमाला चालतंय. तू जेव."

आप्पासो सकाळच्या एसटीनं गेले. त्यांना स्टँडवर सोडून दोघं नवरा-बायको परत निघाले. वाटेत लालासाहेब म्हणाले, "तू तर डोळं मिटलं हुतंस."

"एक मिटला हुता. माझ्या भावाचा जीव टांगणीला, आन् मी दोन्ही मिटीन व्हय?"

"मग तिथंच का बोलली न्हाईस?"

राहीबाईंनी पदर सारखा केला. "बोलणार हुते. पण तुमी लुंगीनं त्येचं तोंड पुसाया लागला. म्हटलं, जयराज तिकडं लांब, आन् हेबी गेलं तर ह्या माणसानं तोंड पुसायचं कुणाचं?"

लालासाहेबांनी लुंगीच्या टोकानं आपलंच तोंड पुसलं आणि रस्त्याकडेच्या उसाकडं बघत ते चालत राहिले.