अडीच किलोंची थरथर

बाबांना आपला फोटो शुक्रवारच्या आत हवा होता. शुक्रवारी सकाळी सात वाजता त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी भरती व्हायचे होते आणि तिथून आपण काही परत येत नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. ऑपरेशन अगदी नेहमीचे आहे, असे सर्जनने तीनदा सांगून पाहिले. "त्याच्या नेहमीचं असेल, माझं पहिलंच आहे," असे म्हणून बाबांनी आवराआवर सुरू केली.

बाबा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षे त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. लाच घेतली नाही आणि कुणाचे चहाचे आमंत्रणही घेतले नाही, त्यामुळे मित्र बेताचेच. मरणाची तयारीही त्यांनी वरून तपासणी येणार असल्यासारखी चालवली होती. किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून झाल्या, पाकिटांवर नावे घालून झाली. कुणाला कळवायचे आणि कुणाला अजिबात कळवायचे नाही अशा दोन याद्या झाल्या. त्यातली दुसरी अर्थातच लांबलचक होती. घोडे अडले ते भिंतीवर लावायच्या फोटोपाशी.

"सूनबाई, तुझ्या सासूच्या फोटोत तिच्या खांद्याशी एक कान आहे, पाहिलायस?" बाबा म्हणाले. "ग्रुप फोटोतून कापून मोठा केलाय तो. कान कुणाचा, ते आजवर कळलं नाही. अकरा वर्षं मी तिच्याशी दोन शब्द बोलायला जातो आणि तो कान ऐकत बसतो. माझ्या फोटोत मला एकट्याला राहू दे."

फोटो कुणी काढायचा हा प्रश्न नव्हता. मुलाचाच स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे बाजारातली नऊ बाय बाराची खोली, एक पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि गिऱ्हाइकांचे पाय लागून पडतो म्हणून सिमेंटने जमिनीत पक्का केलेला स्टँड. सतरा वर्षांत त्या स्टँडवरचा कॅमेरा जागचा हलला नव्हता, आणि त्याच्यामागचा माणूसही. सगळा बाजार त्याला पासपोर्टवाला म्हणायचा. घरात बाबाही म्हणायचे, पण ते चिडल्यावर.

"पासपोर्टवाला फोटो नको मला," बाबांनी बजावले. "त्यात माणूस फरार झाल्यासारखा दिसतो. मी फरार होणार नाहीये, मरणार आहे. मागची भिंत पुसट आणि चेहरा स्वच्छ, असा पेपरात येतो तसला काढ. ती तोफ आणलीयस ना कपाटात ठेवायला, तिनं काढ. आणि हातात धरून काढ. स्टँडवर ठेवून काय, सूनबाईपण काढेल."

तोफ म्हणजे टेलिफोटो लेन्स. सेहेचाळिसाव्या वर्षी पासपोर्टवाल्याच्या मनाने घेतले, की आता पांढऱ्या पडद्यापुढून उठायचे आणि मैदानावर जाऊन खेळांचे फोटो काढायचे. ही लेन्स त्याने एका क्रीडा छायाचित्रकाराकडून घेतली. तो खांदा कामातून गेला म्हणून ती विकत होता. यावरून शहाण्या माणसाने काय ते ओळखायला हवे होते. पासपोर्टवाला एका फुटबॉलच्या सामन्याला गेला, दीडशे फोटो काढून आला, आणि त्यातल्या एकशे चाळिसांत नुसते गवत होते. तेव्हापासून लेन्स कपाटात, जुन्या शालीत गुंडाळून.

बाबांनी ती आधी आपल्या ताणकाट्याला टांगली. "एक किलो चारशे नव्वद. कॅमेऱ्यासकट अडीचला दहा ग्रॅम कमी. तुझी आई एका हातात याच्या चौपट पाणी आणायची."

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून, आपल्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत, खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले. आता या लेन्सची अशी खोड, की तिला जवळचा माणूस चालत नाही. पासपोर्टवाला मागे सरकत खोलीबाहेर आला, हॉल ओलांडला आणि स्वयंपाकघरात शिरून फ्रीजला पाठ टेकवून उभा राहिला, तेव्हा कुठे बाबा चौकटीत मावले.

"अहो, सरका. दूध वर येतंय," बायको म्हणाली.

"दोन मिनिटं थांब."

"दुधाला सांगा."

त्याने श्वास रोखला, दात आवळले आणि बटण दाबले. फोटोत बाबा, खुर्ची आणि खिडकी ही सगळी एकमेकांत विरघळून गेली होती. बाबांनी चष्मा लावून पाहिला. "हा मी वर पोचल्यावर काढलास का?"

फ्लॅश वापरायची सोय नव्हती. मोतीबिंदू काढल्यापासून तो बाबांच्या डोळ्यांना सोसत नसे. मग त्याने कॅमेऱ्यात अंधारातला प्रकाश वाढवायची करामत करून पाहिली. "तोंडावर वाळू कुणी टाकली माझ्या?" बाबांनी विचारले. पासपोर्टवाल्याने हात टेकले. उजेड थोडा, वजन जास्त, हात कापतो, म्हणून फोटो हलतो. आजार कळला होता. आता हाताला सवय करायची आणि तीही चार दिवसांत.

सोमवारी तो पहाटे उठला आणि तीन किलो कणकेचा डबा डोळ्यांशी धरून भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावून उभा राहिला. एक मिनिट झाले, दोन झाली.

"अहो, डब्यातून कुणाचा फोटो काढताय?" मागून बायकोचा आवाज आला. डबा पडला. पुढचा अर्धा तास दोघेही पांढरे होऊन फरशी झाडत होते. बाबा दारात येऊन बघून गेले, पण काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे, असे पासपोर्टवाल्याला वाटले.

दुकानात त्याने सराव गिऱ्हाइकावर चालू ठेवला. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एकजण पासपोर्टसाठी फोटो काढायला आला होता. त्याला स्टुलावर बसवून पासपोर्टवाला तोफ घेऊन मागे मागे जात दुकानाबाहेर पडला, पायरी उतरला आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभा राहिला.

"अहो, मी आत आहे!" शेगडीवाला ओरडला. "तुम्ही कुठं चाललात?"

"हलू नका! सरळ बघा!"

"मधून टेम्पो जातायत!"

आठ फोटोंपैकी तिनांत टेम्पो आला, एकात एक बाई आली आणि उरलेल्या चारांत शेगडीवाला स्टुलावरून उठताना आला. तो पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्टुडिओत गेला आणि जाताना चार लोकांना सांगत गेला, की वडिलांच्या आजारपणाचं फार मनावर घेतलंय हो त्यानं.

मंगळवारी सकाळी खांदा धरला. हात वर जाईना. शर्ट घालताना बायकोला मदतीला बोलवावे लागले. डॉक्टरांनी एक दिवस हात गळ्यात अडकवायला सांगितले.

"वा," बाबा म्हणाले. "ऑपरेशन माझं आणि पट्टी तुला."

शेवटी त्याने लेन्स विकणाऱ्याला फोन केला. तो बिचारा खांद्याचा व्यायाम करता करता बोलत होता. "नुसत्या हाताच्या जोरावर उचलतोस की काय? वेडा आहेस. डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपर पोटाला घट्ट, आणि श्वास रोखायचा नाही, सोडता सोडता बटण दाबायचं. वजन पायांवर जाऊ दे."

बुधवारी पट्टी काढून तो गच्चीवर गेला. कोपर पोटाला लावले आणि समोरच्या टाकीवरच्या कबुतरावर लेन्स रोखून श्वास सोडला. कबुतर स्वच्छ आले. डोळ्याभोवतीचे लाल कडेसुद्धा. त्याने वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्यांचा फोटो काढला, खालच्या स्कूटरचा नंबर काढला, पायऱ्या उतरताना जिन्यातल्या अंधारात मीटरचा आकडासुद्धा काढला. एकही हलला नाही. सतरा वर्षांत आपल्याला काहीतरी नवीन आले, या आनंदात तो धावत घरी आला, बाबांना खुर्चीत बसवले, फ्रीजला पाठ लावली आणि लागोपाठ वीस फोटो काढले.

विसांतही बाबा पुसट आले.

"मीटर तर किती छान आलाय," बायको कॅमेऱ्यात बघत म्हणाली. तिने ते धीर द्यायला म्हटले होते, पण पासपोर्टवाला मटकन खाली बसला. आता आजार लेन्सचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. कबुतर मेले तरी आपले काही बिघडत नाही, म्हणून हात स्थिर राहतो. बाबा समोर आले की शुक्रवार आठवतो आणि हात कापतो. त्याला स्वतःची शरम वाटली. ज्याच्यावर छातीची हाडे कापायची वेळ आलीय तो माणूस दगडासारखा बसतो, आणि आपण नुसते बटण दाबायचे तर आपल्या पाचावर धारण बसते.

संध्याकाळी त्याची बहीण, ताई आली. तिने दारातच पिशवी टाकली आणि रडायला सुरुवात केली.

"रडू नकोस, अजून वेळ आहे," बाबा म्हणाले.

ताईने डोळे पुसून भावाकडे मोर्चा वळवला. "एक फोटो मागितला रे त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागितलं. तेवढाही तुला धड काढता येऊ नये?"

हे सगळे त्याचे दुपारभर स्वतःला सांगून झाले होते.

गुरुवारी चार वाजता बाबांनीच माघार घेतली. "आण स्टँड. तुझ्या हातून हातानं व्हायचं नाही, हे मला आधीच माहीत होतं." पासपोर्टवाल्याने व्हिडिओ शूटिंगवाल्याकडून तिपाई मागून आणली, फ्रीजपुढे रोवली, तोफ तिच्यावर चढवली आणि कॅमेऱ्याला हातसुद्धा लागू नये म्हणून आपोआप बटण दाबायची कळ फिरवून दोन पावले दूर झाला. अकरा फोटो निघाले. त्याने पहिला मोठा करून पाहिला.

खुर्चीच्या हाताचा वेत स्वच्छ आला होता, विणीचा धागा न् धागा. त्या हातावर ठेवलेल्या चष्म्याच्या डबीवरचा ओरखडा दिसत होता. आणि त्याच हातावरची बाबांची पाच बोटे दहा असल्यासारखी दिसत होती.

त्याने दुसरा पाहिला, पाचवा पाहिला, अकरावा पाहिला. खुर्ची हलली नव्हती. बाबा हलले होते.

मग त्याने काही न दाबता नुसता डोळा लावला. फ्रीजपासून साध्या डोळ्यांना बाबा अगदी पुतळा दिसत होते. लेन्समधून त्यांची हनुवटी दिसली, कॉलरची कड दिसली, ओठाचा कोपरा दिसला, आणि ते सगळे बारीक बारीक थरथरत होते. थरथर दाबायला बाबा खुर्चीचा हात आणखी घट्ट धरत होते आणि ती आणखी वाढत होती. याद्या करताना, पाकिटे चिकटवताना त्यांना काही होत नव्हते. फोटोला गप्प बसायची वेळ आली, हाताला काम उरले नाही, की हे होत होते. बाबा घाबरले होते. सेहेचाळीस वर्षांत त्याने बाबांना घाबरलेले पाहिले नव्हते आणि आता वीस फुटांवरून इतक्या जवळून पाहिले, की त्याने डोळा बाजूला घेतला.

"आला का रे?" ताईने हात पुढे केला.

त्याने अकराही फोटो पुसून टाकले. "नाही जमलं, बाबा."

"स्टँडवरसुद्धा?"

"लेन्स फार जड आहे. स्टँडसकट हलते."

बायको फ्रीजशेजारीच उभी होती. स्टँड तसूभर हलला नव्हता हे तिने पाहिले होते. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, मग सासऱ्यांकडे पाहिले. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "वॉशिंग मशीन लावलंय मी. त्यानं सगळी फरशी हलते."

वॉशिंग मशीन मंगळवारपासून बंद होते. ताई काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात बाबांनी सुरुवात केली.

"सतरा वर्षं धंदा करतोस! बाप समोर बसलाय, पळून जात नाहीये, आणि तुला त्याचा एक फोटो येत नाही? कणीक सांडलीस, गिऱ्हाईक घालवलंस, खांदा मोडून घेतलास. लोक विचारतील, मुलगा काय करतो? काय सांगू मी?" बोलता बोलता बाबांचा आवाज चढला, गालांवर रंग आला आणि खुर्चीवरचे हात सुटून हवेत फिरू लागले. पासपोर्टवाला मान खाली घालून ऐकत होता. एरवी हे ऐकले की त्याला दुकानात जाऊन बसावेसे वाटायचे. आज ते लवकर संपू नये असे वाटत होते.

"मग आता फोटोचं काय?" बाबांनी दम घेत विचारले.

"तुम्ही आल्यावर काढू. मला सवयीला अजून दीड महिना तरी लागेल."

"दीड महिना! म्हणजे तुझा हात बसावा म्हणून मी परत यायचं?"

"तसंच दिसतंय."

"कठीण आहे तुझं," बाबा म्हणाले. त्यांनी गळ्याचे बटण सोडले आणि सूनबाईला चहा टाकायला सांगितले.

शुक्रवारी सकाळी त्यांना आत न्यायच्या आधी नर्स सुई लावायला आली. बाबा खाटेवर आडवे होते आणि पासपोर्टवाल्याने त्यांचा हात धरला होता. नर्सने शीर शोधली, सुई जवळ नेली आणि थांबली.

"आजोबा, हात हलवू नका ना."

"माझा नाही हलत," बाबा म्हणाले. "त्यानं धरलाय ना, त्याचा हलतोय. पाच दिवस जड लेन्स उचलतोय, सवय नाही त्याला."

नर्सने पासपोर्टवाल्याकडे पाहिले. "अहो, तुम्ही तरी जरा स्थिर धरा."

"सॉरी," पासपोर्टवाला म्हणाला. त्याने कोपर पोटाला घट्ट लावले, डावा तळवा बाबांच्या मनगटाखाली सरकवला आणि हळूहळू श्वास सोडला. सुई एका फटक्यात बसली.