रिकाम्या जागांचा कंडक्टर

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पाटी कुठंच नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर चुकून बसून बघा. फक्त याकोबमामांना जागा नव्हती. पहिलं गीत संपेपर्यंत ते दाराशी उभे राहून माणसं न्याहाळायचे. मग जो आलेला नसेल त्याच्या जागेवर जाऊन बसायचे आणि त्याच्याच नावानं प्रार्थना करायचे. मोठ्यानं.

"प्रभू, मी सुलोचना पगारे. गुडघा लई धरलाय. सून बोलत नाय. तेवढं बघ."

सुलोचनाबाईंची जागा बायकांच्या बाजूला. तिथं बसून एक मिशीवाला माणूस सुनेचं गाऱ्हाणं सांगतो म्हटल्यावर पाळकसाहेबांनी हरकत घेतली. मामा म्हणाले, "साहेब, लेडीज सीट मोकळी असली तर गडी बसतोच की. बाई आली की उठतो."

मामा एसटीत कंडक्टर होते. वैजापूर, सोयगाव याच रस्त्यांवर सगळी नोकरी झाली. रिकामी सीट त्यांना बघवायची नाही. "गाडी मोकळी नेली तर डेपोत जबाब द्यावा लागतो," असं म्हणायचे आणि डेपो म्हणताना बोट वर करायचे. शनिवारी सायकलवरून घरोघर फिरून विचारायचे, "वर काही सांगायचंय का?"

मला हे भोंगळ वाटायचं आणि मी ते तोंडावर सांगायचो. सुलोचनाबाईंच्या गुडघ्याला डॉक्टर पाहिजे, सुनेला समज पाहिजे. माझा विश्वास पत्रकावर. मामा मला नावानं हाक मारतच नसत. "काय पत्रकवाले, आज कुणाचा निषेध?"

निषेधाला कारण होतं. कमिटीनं चर्चच्या आवाराची रस्त्याकडची पट्टी दुकानांच्या गाळ्यांना द्यायचं ठरवलं होतं, मंडळीला न विचारता. मी पत्रक काढलं आणि उपासनेवर बहिष्कार पुकारला. निम्मी मंडळी फाटकाबाहेर उभी राहिली. आत रिकामे बाक बघून कमिटीला लाज वाटेल, असा हिशोब होता.

आत मामांची धांदल उडाली. एका उपासनेत इतक्या जागा त्यांनी कधी चालवल्या नव्हत्या. एका बाकावर टेकायचे, गुडघ्यावर यायचे, उठायचे, पुढच्या बाकावर. उघड्या खिडकीतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"प्रभू, मी विल्सन जाधव. पोराला वाळूजच्या कंपनीत कायम करून घे."

विल्सनकाका माझ्या शेजारी घोषणा देत होते. ते मध्येच थांबले आणि हळूच आमेन म्हणाले.

मग माझी जागा आली. "प्रभू, मी पत्रकवाला. म्हणणं माझं खरं हाय. पण बाहेर ऊन लई हाय."

उपासना सुटल्यावर मी मामांना गाठलं. "तुम्ही आमचा बहिष्कार फोडलात."

"फोडला कुठं? तुमच्या सीटा धरून ठेवल्या. खिडकीतून रुमाल टाकतेत ना, तसं." एवढं बोलून पायरी उतरताना त्यांचा गुडघा जागच्या जागी आखडला. उठबस सोसली नव्हती. डॉक्टरांनी पलंग सांगितला.

त्या आठवड्यात कमिटीनं ठराव मंडळीपुढं आणायचं कबूल केलं. हा बहिष्काराचाच विजय आहे, हे मी आजही लेखी द्यायला तयार आहे.

रविवारी सगळे आत आलो. मी मागं वळून पाहिलं तर प्रत्येक बाकावर एका माणसाची जागा मोकळी होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मामा नेमके कुठं बसतात हे ठाऊक नसल्यामुळं ज्यानं त्यानं आपल्या शेजारी सरकून जागा ठेवली होती. पाळकसाहेब म्हणाले, याकोबरावांसाठी कुणीतरी प्रार्थना करा. कुणी उठलं नाही. उठून म्हणायचं काय? सुलोचनाबाईंचा गुडघा सगळ्या मंडळीला पाठ होता. मामांचं काय, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तिथूनच त्यांच्या खोलीवर गेलो. एक पलंग, एक स्टोव्ह, एक ताट.

"आज कोण नव्हतं?" मामांनी विचारलं.

"सगळे होते. तुम्ही नव्हता."

"मग कोण बसलं?"

"कुणी नाही. तुमची जागा माहीत नव्हती. आणि वर काय सांगायचं, तेही माहीत नव्हतं."

"इचारलं नाय कुणी," ते म्हणाले. तक्रार नव्हती. गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाले.

"मी विचारतोय. वर काही सांगायचंय का?"

मामांनी स्टोव्हकडं पाहिलं. "जेवताना बोलायला कुणी नसतं. एवढंच म्हण. लांबवू नको, मागं लाइन असती."

मी बसायला काही मिळतंय का बघू लागलो.

"तिकडं काय हुडकतो," म्हणाले, आणि दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडं सरकले. "माझ्या जागेवर बसून म्हण."