करून पहा (तोंडपाठ)

विज्ञानाचा पाया लहानपणीच घालावा लागतो. नंतर मूल विचार करू लागतं आणि हाताबाहेर जातं.

लासूर स्टेशनजवळच्या आमच्या शाळेत हे तत्त्व मुख्याध्यापक नानासाहेबांनी कसोशीनं पाळलं. (मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक, विज्ञानपेटीच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते.) पेटी आली त्या दिवशी तिला हार घातला, नारळ फोडला आणि कपाटाला कुलूप लावलं. त्याला नऊ वर्षं झाली. आजवर एकही काचनळी फुटलेली नाही. असा निकाल तालुक्यात दुसऱ्या शाळेचा नाही.

तिसरीच्या पुस्तकात जागोजागी 'करून पहा' असा मथळा येतो. आमची मुलं धडा मथळ्यासकट म्हणतात : "करून पहा. एक चुंबक घ्या. तो वस्तूंजवळ न्या. काय दिसते?" आणि श्वास न घेता काय दिसते तेही सांगून टाकतात. अशा रीतीनं वर्षाला एकतीस प्रयोग पार पडतात. लागणारं साहित्य : घसा.

तिसरीतल्या आबेदाला मात्र पाठांतराची गोडी कमी. तिनं 'करून पहा' वाचलं आणि चक्क करून पाहिलं. (त्या शब्दांचा असाही अर्थ होतो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.) तिचे वडील मजीदभाई रेडिओ दुरुस्त करतात. फुटक्या स्पीकरमधला चुंबक त्यांनी लेकीला खेळायला दिला होता. तो घेऊन ती शाळाभर फिरली आणि धापा टाकत आली.

"गुर्जी, चमचा चिकटतोय, पर पेला नाय चिकटत! दोन्ही स्टीलचेच हायेत की!"

नानासाहेबांनी स्वहस्ते तयार केलेल्या उत्तरमालेत स्वच्छ लिहिलं होतं : स्टीलमध्ये लोखंड असते, म्हणून स्टीलचा पेला चुंबकाला चिकटतो. त्यांनी चुंबक काढून घेतला आणि माझ्याकडे दिला. मी तो कपाटात ठेवला. आबेदाचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण किल्लीवाल्यानं वाईट वाटून घेतलं तर शाळा चालायची कशी?

"तपासणीला साहेब येणारेत," नानासाहेब तिला म्हणाले. "त्यांना बरोबर उत्तर दे. तुझा चुंबक परत."

"बरोबर म्हंजी खरं, का पाठ?"

"पाठ."

साहेब आले, स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायले, पेला टेबलावर ठेवला आणि समोर बसलेल्या आबेदालाच विचारलं, "बाळ, हा पेला चुंबकाला चिकटेल का?"

तिनं पेल्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशाकडे पाहिलं.

"चिकटंल, साहेब." इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

टाळ्या झाल्या. साहेबांनी शेरा लिहिला : 'वैज्ञानिक दृष्टिकोन उत्तम.' ठरल्याप्रमाणे मी चुंबक आणून तिच्या हातात दिला. तिला कुठला धीर! तिनं साहेबांदेखत तो पेल्याला लावला.

चुंबक टणकन टेबलावर पडला.

साहेबांनी चष्मा पुसला आणि स्वतः तीनदा लावून पाहिला. (शाळेच्या इतिहासातला हा पहिला अधिकृत प्रयोग.) मग निष्कर्ष काढला. उत्तरमाला बरोबर, उत्तर बरोबर, शेराही शाईनं लिहून झालेला. राहिला कोण?

"चुंबक बिघडलाय," साहेब म्हणाले.

"बिघडला नाय, साहेब! चमच्याला लावून बघा की!" आबेदा रडकुंडीला आली. चमचा हाताशी होता. कुणीही उचलला नाही. मीही नाही.

चुंबक 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून कपाटात गेला. तिसरीत आता आबेदा सगळ्यांत छान पाठ म्हणते.

तुम्हाला मघापासून विचारायचं आहे, की पेला खरंच चिकटतो की नाही. मला कशाला विचारता? पेला तुमच्या घरात आहे. एखाद्या जुन्या स्पीकरात चुंबकही सापडेल. करून पहा.

उठला नाहीत ना? वाचलंत, मान डोलावलीत आणि या ओळीवर आलात.

छान. तिसरी पास.